चिठ्ठी निघाल्यावर

प्रिय पोरी,

महिला आरक्षणाच्या मोहिमेचं तुझं पत्रक वाचलं. पहिला परिच्छेद आधी काढून टाक. स्त्री म्हणजे शक्ती, स्त्री म्हणजे सृष्टीची जननी, हे सगळं. बाईची आरती ओवाळायला घेतली की समोरचा माणूस हात जोडतो, प्रसाद घेतो आणि घरी जातो. जागा देत नाही.

हे मी पोळलेली म्हणून सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात आमचा मोर्चा यशवंत स्टेडियमवरून निघाला आणि मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटवर अडला. पाच जणींना आत बोलावलं. निवेदन मी वाचलं. ते लिहायला आम्ही आठवडा घालवला होता, एकेक शब्द घासूनपुसून. सरकारतर्फे भेटलेल्या साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "ताई, गेल्या वेळी राखीव वॉर्डांतून निवडून आलेल्यांपैकी किती बाया यंदा खुल्या जागेवर उभ्या आहेत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. चहा आला, प्यालो, बाहेर पडलो. बाहेर बाया सकाळपासून रस्त्यावर बसून होत्या. त्यांना काय सांगायचं ते परत जाईपर्यंत सुचलं नाही.

तो माणूस आम्हाला टोलवत होता, हे खरं. पण प्रश्न बरोबर होता. तुझी मोहीम त्याच प्रश्नापासून सुरू कर, एवढंच सांगायला हे पत्र.

तुझा सगळा रोख दिल्लीवर आहे. 2023 च्या सप्टेंबरात लोकसभेत 454 विरुद्ध 2 आणि राज्यसभेत 214 विरुद्ध शून्य मतांनी लोकसभा-विधानसभांत बायांना 33 टक्के जागा मंजूर झाल्या. 1996 साली पहिल्यांदा मांडलेलं विधेयक, त्याला सत्तावीस वर्षं लागली. त्यातही अट घातली : आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, मग राखीव जागा. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत 543 पैकी 74 बाया लोकसभेत गेल्या. यावर संविधान चौकात धरणं जरूर धर, मीही येईन, गुडघे साथ देतील तोवर बसेन. पण त्या धरण्यात तुझ्या बाजूला कोण बसणार? कॉलेजच्या मैत्रिणी? त्या परीक्षा आल्या की उठतील.

तुझी फौज या शहरात आधीच तयार आहे. माजी नगरसेविका.

कोणती जागा कोणासाठी राखीव हे चिठ्ठ्या काढून ठरवतात, ती आरक्षणाची सोडत कधी बघितली आहेस का? पुढच्या वेळी नक्की जा. सभागृह माणसांनी भरलेलं, म्हणजे अक्षरशः माणसांनीच, बाया बोटांवर मोजण्याइतक्या. शाळेच्या गणवेशातलं एखादं पोट्टं पारदर्शक ड्रममध्ये हात घालून चिठ्ठी काढतं, अधिकारी ती उलगडून सगळ्यांना दाखवतो. "सर्वसाधारण महिला" असं माईकवर आलं की मागच्या रांगेतून "अरे बाप्पा!" उमटतं. एकदा माझ्या शेजारच्या गृहस्थाने बसल्या जागेवरून घरी फोन लावला : "अवं, तुह्यं आधार कार्ड कुठी हाय?" ती बाई त्या क्षणी उमेदवार झाली, आणि तिला ते कळलंसुद्धा नव्हतं.

आम्ही हसलो. नंतर ती निवडून आली. पहिलं वर्षभर झोन कार्यालयात नवराच जायचा, ती गाडीत बसून. मग उन्हाळा आला, वॉर्डातल्या एका गल्लीत पाणी चढेना. बाया हंडे घेऊन हिच्या दारात. नवरा बाहेरगावी. ही एकटीच गेली, कनिष्ठ अभियंत्याला घेऊन व्हॉल्व्हपर्यंत चालत गेली आणि पाणी येईस्तोवर तिथून हलली नाही. निघताना त्याला म्हणाली, "यापुढे फोन मलाच करायचा. सही माझी लागते ना?"

आणि ही तयार झाली तेव्हा काय झालं? पुढच्या सोडतीत तिची जागा खुली निघाली. पक्षाने सांगितलं, ताई, आता तुमच्या मिस्टरांना लढू द्या. खुली म्हणजे पुरुषांची, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. कायद्यात तसं कुठेही नाही. मला सगळ्यात जास्त चीड येते ती इथे. 151 जणांच्या आपल्या पालिकेत निम्म्या जागा बायांसाठी राखीव आहेत, राज्यात 2011 पासून तसा कायदाच आहे. उरलेल्या निम्म्या सर्वांसाठी आहेत. पण 50 टक्के हा उंबरठा असायचा, त्याचं छत करून टाकलं.

"बाई खुल्या जागेवर निवडून येत नाही" असं कोणी म्हणालं तर मुंबईचं उदाहरण दे. तिथे 1997 ला जे वॉर्ड महिलांसाठी राखीव होते आणि 2002 ला खुले झाले, त्यांचा अभ्यास 2009 साली छापून आला. 1997 ला राखीव नसलेल्या वॉर्डांच्या मानाने या वॉर्डांत बाई निवडून येण्याची शक्यता सुमारे पाचपट निघाली. लोकांनी एकदा बाईचं काम पाहिलं की मत द्यायला ते कचरत नाहीत. कचरतात ते तिकीट वाटणारे.

म्हणून तुझं पहिलं काम वहीचं. राज्य निवडणूक आयोगाच्या निकालांवरून आपल्या शहराचा तक्ता कर : कोणती जागा कधी राखीव, कोण जिंकली, पुढच्या वेळी ती कुठे गेली. किचकट आहे. आपल्याकडे कधी एकाचा वॉर्ड, कधी दोघांचा प्रभाग, कधी चौघांचा, हद्दी दर वेळी हलतात. पूर्ण शहर नाही जमलं तर एक झोन कर. मग त्या बायांच्या घरी जा. सगळ्या पक्षांच्या, ज्यांचं राजकारण तुला पटत नाही त्यांच्याही. आणि प्रत्येक शहराध्यक्षाला एकच विचार : खुल्या जागांवर बायांना किती तिकिटं? पडेल जागा मोजायच्या नाहीत. अर्जेंटिनात 1991 च्या कायद्याने बायांना 30 टक्के उमेदवारी देताना ती पक्षाच्या यादीत निवडून येण्याजोग्या क्रमांकावरच द्यायची, असं लिहून घेतलं होतं. तिथल्या बायांना पक्ष ओळखीचे होते!

आणखी एक. तुझ्या पत्रकात "महिला" एकसलग आहेत. नागपुरात हे चालायचं नाही. 20 जुलै 1942 ला याच शहरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष, बाबासाहेब स्वतः बोलले. कायदेमंडळात आणि इतर प्रातिनिधिक संस्थांत दलित स्त्रियांना राखीव जागा हव्यात, हा ठराव तिथला आहे. तुझ्या मागणीचा इतिहास तिथून मांड, दिल्लीहून नको. ओबीसी बायांचा प्रश्नही टाळू नकोस. पालिकेत त्यांना वाटा आहे, 2023 च्या कायद्यात अनुसूचित जाती-जमातींच्या बायांना आहे, ओबीसींना नाही. इंदोऱ्यात किंवा इतवारीत पहिल्याच सभेत कोणीतरी उठून हे विचारेल. माझं मत विचारशील तर त्यांचं म्हणणं रास्त आहे. "आधी मिळू तर दे, मग वाटू" हे ऐकत माझे केस पांढरे झाले.

रविवारी घरी ये. ती व्हॉल्व्हवाली बाई येणार आहे. तिला "मॅडम" म्हणू नकोस, संकोचते. तिच्याकडे जुन्या डायऱ्या आहेत, गल्लीवार, नळांसकट. त्या बघायला माग, म्हणजे ती आपसूक बोलायला लागेल. तर्री पोहे करीन. दहानंतरच ये, साडेनऊपर्यंत आमच्याकडे नळ असतो.

तुझी,
मावशी