दोरीने बांधून टांगून घेण्यात लोकांना काय आवडतं आणि हात कायमचा जायची भीती खरी आहे का?

आवडीचं आधी सांगतो. पाय सुटले की अंगाचं सगळं वजन दोरीच्या पट्ट्यांवर येतं. तोल सांभाळायचं काम संपतं आणि डोकं शांत होतं. काहींना तो घट्ट दाब हवा असतो, काहींना स्वतःला जोडीदाराच्या हाती पूर्ण सोपवणं. कामभावना असतेच असं नाही. धोकाही त्यातूनच येतो, कारण ज्या भागावर वजन आलंय तो स्वतःहून हलवून मोकळा करता येत नाही.

तुमची हाताची भीती रास्त आहे. लोक दोरी तुटेल म्हणून घाबरतात, पण खरं जपायचं ते नसांना, म्हणजे मज्जातंतूंना. दंडाच्या बाहेरच्या बाजूने रेडिअल नर्व्ह ही नस हाडाला लागून जाते. हात पाठीमागे बांधून छातीभोवती वेढे घेतले की दोरी नेमकी तिथे बसते. नस दाबली गेली तर मनगट लुळं पडतं आणि भरून यायला आठवडे, कधी महिने लागतात. त्या वेळी दुखेलच असं नाही, आणि हातांचा रंग ठीक असला म्हणून नस ठीक असते असंही नाही. म्हणून दर दोन-तीन मिनिटांनी तपासा: मनगट मागे वळतंय? अंगठा ताठ वर होतोय? बोटं फाकवता येताहेत? हाताच्या पाठीवर, अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या जागेत, स्पर्श कळतोय? एकाचंही उत्तर नाही आलं तर दोरी सरकवत बसू नका, लगेच खाली घ्या.

दोरी तागाची, 6 मिमी जाडीची. वजन घेणारा पट्टा तीन-चार वेढ्यांचा, वेढे शेजारी-शेजारी सपाट. एकावर एक चढले की तिथेच रुततं. दर वेळी दोरी बोटांतून सरकवून पाहा. पीळ सुटलेली किंवा मध्येच बारीक झालेली दोरी टांगायला वापरायची नाही. कॅराबिनर (दोरी अडकवायची धातूची कडी) गिर्यारोहणाचा, लॉक होणारा, 22 किलोन्यूटनचा, म्हणजे सुमारे 2,200 किलोचा भार सहणारा. पंख्याच्या हुकाला कधीच टांगू नका. झोका किंवा हिसका बसला की भार अंगाच्या वजनाच्या कितीतरी वर जातो. आढ्याची ताकद बांधकामातल्या जाणकाराकडून तपासून घ्या.

सुरुवात कमरेच्या हार्नेसने, म्हणजे कमर आणि मांड्यांभोवतीच्या दोरीच्या बांधणीने करा: एक पाय जमिनीवर, हात मोकळे, पाच मिनिटं पुरे. पूर्ण टांगणं मात्र शिकवणाऱ्यासमोर बसूनच शिकावं. गळ्याभोवती दोरी नाही, दारू नाही, टांगलेल्याला क्षणभरही एकटं सोडणं नाही. खांद्याची जुनी दुखापत, मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधं यांची चौकशी आधीच करा. थांबायचा शब्द ठरवा, आणि बोलता येईनासं झालं तर सोडून द्यायला हातात एखादी वस्तू द्या.

बोथट टोकाची कात्री हाताशी हवीच. पण भार असलेली दोरी थेट कापली तर माणूस डोक्यावर आदळू शकतो. आधी अंगाखाली आधार देऊन वजन उचला, मग कापा. उभं, निश्चल लटकल्यावर रक्त पायांत साचून भोवळ येऊ शकते. तसं झालं तर तातडीने उतरवून सपाट झोपवा. शुद्ध लगेच आली नाही तर रुग्णवाहिका बोलवा.

उतरवल्यावरही मनगट उचलत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. लाजेने काही लपवू नका. दाब नेमका कुठे आणि किती वेळ होता, हे त्यांना कळायलाच हवं.