घरगुती टू-वे स्पीकरमध्ये नवा वूफर आणि नवा क्रॉसओव्हर बसवायचा आहे. आधी काय घेऊ?

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी: १८ मिमी प्लायचा डबा, आतून २४ × २८ × ४८ सेंमी, आठ इंची लोकल वूफर (खालचे सूर देणारा मोठा ड्रायव्हर), एक इंची डोम ट्वीटर (वरचे सूर देणारा छोटा), बाजारातली तयार क्रॉसओव्हर प्लेट (आवाज या दोघांत वाटणारे फिल्टर). बास बोदा येतो आणि गायकाचा आवाज टोचतो.

आधी वूफर घ्या, क्रॉसओव्हर सगळ्यात शेवटी. वूफर डब्यावरून ठरतो आणि क्रॉसओव्हरचे आकडे वूफरवरून. दोन्ही एकाच फेरीत आणले तर प्लेटचे पैसे वाया जातात.

तुमचा डबा आतून सुमारे ३२ लिटर. मॅग्नेट, पट्ट्या, क्रॉसओव्हर यांचे दोनेक लिटर वजा केले की ३० उरतात. वूफर घेताना मॅग्नेट केवढा, मागे किती वॉट छापलेत, हे बघूच नका. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत दुकानदार तेच आधी दाखवेल. तुम्ही डेटाशीट, म्हणजे कंपनीचा मोजमापांचा तक्ता, मागा. पीअरलेस, डेटन ऑडिओ यांची नेटवर सहज मिळते. डेटाशीट नसेल तर तो वूफर सोडून द्या. बंद डब्यासाठी हिशोब सोपा आहे: व्हीएएसला (कोनच्या लवचिकतेइतकी हवा, लिटरमध्ये) डब्याच्या लिटरने भागा, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा आणि त्याने क्यूटीएसला (कोनचे हलणे किती आवरले जाते त्याचा आकडा) गुणा. व्हीएएस ६० लिटर आणि क्यूटीएस ०.४० असेल तर उत्तर ०.६९ येते, म्हणजे घट्ट, स्वच्छ बास. याच डब्यात ०.७० क्यूटीएसचा वूफर टाकला तर १.२१ येते. तुमचा बोदा बास बहुधा इथूनच येतो आणि तो कुठल्याही क्रॉसओव्हरने जाणार नाही.

पोर्ट (डब्यातून हवा बाहेर नेणारा पाइप) ठेवायचा असेल तर क्यूटीएस ०.३ ते ०.४ मधला घ्या. ३० लिटर ४० हर्ट्झवर ट्यून करायला आतून ७ सेंमी व्यासाचा पाइप साधारण १९ सेंमी लांब लागतो. जुना पोर्ट आहे तसा ठेवून नुसता वूफर बदलू नका. कारचा सबवूफर तर नकोच: बहुतेक ४ ओहमचे असतात, कॉइलचे इंडक्टन्स जास्त, वरचा आवाज धड देत नाहीत.

आता टोचण्याबद्दल. तयार प्लेट वूफरला ८ ओहमचा रेझिस्टर समजून बनवलेली असते. प्रत्यक्षात आरई (कॉइलचा डीसी रेझिस्टन्स) ६ ओहम आणि एलई (कॉइलचे इंडक्टन्स) ०.८ मिलिहेन्री असलेला वूफर अडीच हजार हर्ट्झला १३-१४ ओहमपर्यंत चढलेला असतो. त्यामुळे फिल्टर ठरल्या जागी कापत नाही. वूफरचा वरचा खडबडीत भाग ट्वीटरमध्ये मिसळतो आणि नेमका गळ्याचा आवाज बिघडतो. उपाय झोबेलचा, म्हणजे हा चढ सपाट करणाऱ्या जोडणीचा: वूफरला समांतर ७.५ ओहम १० वॉटचा रेझिस्टर आणि १५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, हे दोघे एकमेकांना सिरीजमध्ये. रेझिस्टर म्हणजे आरईच्या सव्वापट. कपॅसिटर म्हणजे एलई भागिले त्या रेझिस्टरचा वर्ग.

आठ इंची कोन अडीच हजारला एकाच दिशेला आवाज फेकू लागतो, म्हणून २००० च्या आसपास कापा. मात्र ट्वीटरचा एफएस (त्याची नैसर्गिक कंपनसंख्या) १००० च्या खाली हवा, नाहीतर तो जळेल. लिंकविट्झ-रायली दुसऱ्या ऑर्डरला (कापण्याची एक प्रचलित पद्धत) ८ ओहम, २००० हर्ट्झसाठी १.२७ मिलिहेन्री आणि ५ मायक्रोफॅरड येतात. ही फक्त सुरुवात. तुमचा बॅफल (डब्याची समोरची फळी) बाहेरून २७.६ सेंमी रुंद आहे, म्हणजे साधारण ४१५ हर्ट्झच्या खाली आवाज डब्याच्या मागेही पसरतो आणि समोर कमी पडतो. तो भरून काढायला क्रॉसओव्हरमधली वूफरच्या वाटेतली कॉइल १.८ ते २.२ मिलिहेन्रीपर्यंत वाढवतात. एअर-कोअर घ्या, १.२ मिमी तारेची, रेझिस्टन्स ०.५ ओहमच्या आत. बारीक तारेची कॉइल स्वस्त पडते, पण तिचा रेझिस्टन्स वूफरचा क्यूटीएस वाढवतो, म्हणजे बोदेपणा मागच्या दाराने परत.

ट्वीटर ९० डेसिबल आणि वूफर ८८ चा असेल, त्यातले चारेक डेसिबल बॅफलच्या भरपाईत गेले, तर ट्वीटर ६ डेसिबल खाली आणायचा: सिरीजमध्ये ४ ओहम, त्यानंतर ट्वीटरला समांतर ८ ओहम, दोन्ही १० वॉट. ट्वीटरच्या वाटेत पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर घाला. झोबेलला बायपोलर इलेक्ट्रोलिटिक चालतो, साधा पोलर नाही. दोन कॉइल एकमेकींना काटकोनात आणि लांब बसवा. कॉइलच्या मधून लोखंडी स्क्रू घालू नका, तिचे मिलिहेन्री बदलतात.

बसवताना भोक आधी मोजा, कारण आठ इंचीचे कटआउट कंपनीगणिक बदलते. मोठे असेल तर १२ मिमी प्लायची रिंग चिकटवा. कडेला फोम गॅस्केट लावा, स्क्रूऐवजी टी-नट वापरा. बंद डब्यात कोन हलक्या हाताने आत दाबून सोडा. झटकन परत आला तर कुठेतरी हवा गळतेय.

वायर जोडून लगेच जोरात वाजवू नका. पहिल्या चाचणीला ट्वीटरला २० मायक्रोफॅरड जादा सिरीजमध्ये ठेवा. मग एक मीटरवर, ट्वीटरच्या उंचीवर माइक ठेवून आरईडब्ल्यू या मोफत सॉफ्टवेअरने मोजा. तो जादा कपॅसिटर मोजण्यापूर्वी काढा, नाहीतर फेज (दोन ड्रायव्हरच्या लहरींचा मेळ) चुकेल. ट्वीटर सरळ जोडायचा की उलटा, हे पुस्तकावरून ठरवू नका, दोन्ही मोजा. एका जोडणीत २००० जवळ खोल खड्डा दिसेल. खड्डा नसलेली जोडणी ठेवायची आणि खड्डा जितका खोल, तितका दोन ड्रायव्हरचा फेज जुळलेला. खड्डा उथळ असेल तर वूफरच्या समांतर कपॅसिटरमध्ये एक-दोन मायक्रोफॅरडचा फरक करून पुन्हा मोजा. ट्वीटरची पातळी शेवटी कानाने ठरवा: ४ ओहमच्या जागी ४.७ किंवा ३.३.