रेकॉर्ड कंपनीने सोडल्यावरही मॅरिलियन हा बँड टिकला कसा?

श्रोत्यांनी टिकवला. इंग्लंडमधल्या एल्सबरीचा हा रॉक बँड. १९९०च्या दशकाच्या मध्यावर ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने करार संपवला. १९९७मध्ये अमेरिका दौऱ्याला पैसे नव्हते, तेव्हा तिथल्या चाहत्यांनी इंटरनेटवर आपसांत वर्गणी काढून सुमारे ६०,००० डॉलर जमवले. कल्पना चाहत्यांचीच, बँडची नव्हे! मग २००१च्या ‘अनोरॅकनोफोबिया’ या अल्बमसाठी बँडनेच आधी पैसे मागितले आणि बारा हजारांवर लोकांनी एक सूरही न ऐकता आगाऊ नोंदणी केली. लोकांकडून असे आगाऊ पैसे जमवून देणारं किकस्टार्टर हे संकेतस्थळ आलं ते २००९मध्ये. एवढा विश्वास मिळवणारे कलाकार मला फार थोडे दिसतात. गायक स्टीव्ह होगार्थ १९८९मध्ये आधीचा गायक फिश याच्या जागी आला. बँड अजूनही त्याच्याच आवाजात नवे अल्बम काढतो.