रॉक ऐकायला लागलास ना, मग हे ऐक

सुटी गाणी नको, अख्खा अल्बम क्रमाने ऐक. सुरुवात ब्लॅक सॅबथ या इंग्लिश बँडच्या १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ने कर. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी बर्मिंगहॅमचा. तिथल्या पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली, आणि डावखुरा असल्याने तारा दाबायचा हात नेमका तोच! बोटांवर प्लास्टिकच्या टोप्या चढवून तो वाजवत राहिला. या अल्बमसाठी त्याने तारा सैल सोडल्या, सूर खाली उतरला. तो जड, घुमणारा आवाज कामगारवस्तीतून आलाय, हे मनात ठेवून ऐक.

मग आपल्या गोव्यातल्या शिवोलीच्या गायक रेमो फर्नांडिसचा ‘गोवन क्रेझी’, १९८४ चा. घरीच रेकॉर्ड केलेला. मला तो कितीतरी नावाजलेल्या परदेशी अल्बमांहून जवळचा वाटतो. आणि हो, मोबाइलच्या स्पीकरवर नको रे, बेस, म्हणजे खालचे जड सूर, ऐकूच येत नाही.