आरशाच्या टेबलाला रंग द्यावा की पॉलिश?

प्रश्न : बेळगावच्या कॅम्पातल्या एका कुटुंबाची बदली झाली, तेव्हा त्यांच्याकडून जुनं ड्रेसिंग टेबल घेतलं. तीन खण, वर आरसा. वरची फळी आणि खणांची तोंडं तपकिरी पॉलिशची आहेत, पण ते सोलवटलंय. दोन्ही बाजूंना कुणीतरी हिरवा ऑइल पेंट मारलाय. मला वरची फळी गडद अक्रोडी रंगाची आणि बाकी सगळं पांढरट करायचं आहे. पेंटर म्हणतो, जरा घासून वरूनच स्टेन मारू, गणपतीच्या आधी देतो. करू का? – एक वाचक, निपाणी

उत्तर : ताई, पेंटरला आज तरी थांबवा. स्टेन म्हणजे लाकडाला रंग चढवणारं पातळ द्रावण, तो लाकडात मुरावा लागतो. जुन्या पॉलिशवर मारला तर त्याला मुरायला जागाच मिळत नाही. वर चिकट बसतो, हाताला लागतो, आणि जिथं पॉलिश उडालंय तिथं काळपट ठिपके उठतात. ते नंतर काढायचे म्हणजे सगळं काम पहिल्यापासून.

पण माझा आग्रह त्याच्याही आधीचा आहे. टेबल कुठल्या लाकडाचं आहे ते बघितल्याशिवाय रंगाचा डबा उघडू नका. एक खण बाहेर काढा, उलटा करा. तळाला आणि मागच्या बाजूला बहुतेक पॉलिश लावलेलं नसतं. कोपऱ्यात सुरीनं थोडं खरवडा. सोनेरी तपकिरी रंग, हाताला किंचित तेलकट, जुन्या चामड्यासारखा वास आला तर ते सागवान. आपल्याकडं खानापूर-दांडेलीच्या जंगलातलं सागवान आणि मत्ती, म्हणजे ऐन, घरोघर वापरलं गेलं, त्यामुळं जुन्या सामानात चांगलं लाकूड निघायची आशा असते. बाजू मात्र प्लायच्याही असू शकतात. कडेला पातळ पातळ थर दिसले की प्लाय समजा.

वरची फळी सागवानी निघाली तर तिच्यावर अक्रोडी स्टेन मारू नका, असं मी तुम्हाला कळकळीनं सांगतो. सागवानाच्या रेषा हीच त्याची श्रीमंती. गडद स्टेनखाली त्या बुडून जातात. हलका सागवानी स्टेन द्या, किंवा स्टेन न देता नुसतं पारदर्शक पॉलिश करा. बाजू प्लायच्या असतील तर तिथं तुमचा पांढरट रंग खुशाल द्या, छान दिसेल. खणांची तोंडं कुठल्या गटात घालायची ते लाकूड बघून ठरवा.

आता जुनं पॉलिश ओळखायचं. कापसाच्या बोळ्यावर पॉलिशचं स्पिरिट घेऊन मागच्या बाजूला कुठंतरी दाबून धरा. दोनेक मिनिटांत चिकट झालं तर लाखेचं पॉलिश आहे, ते स्पिरिटनं आणि जाड फडक्यानं निघतं. स्पिरिटला दाद दिली नाही पण थिनरनं विरघळलं तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर. दोन्हींनी काही झालं नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) असं टणक पॉलिश असणार, तिथं पेंट रिमूव्हर किंवा पॉलिशपेपर लागेल. हे करण्याआधी आरसा उतरवून ठेवा. पाठीमागच्या कलईला थिनर लागला की आरसा गेला. रिमूव्हरचं काम उघड्यावर, हातमोजे घालून. बंद खोलीत त्याची वाफ घातक असते.

हिरव्या रंगाकडं मात्र विशेष लक्ष द्या. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त नको, असा नियम आपल्या देशात 2016 साली झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटात, त्यातही हिरव्या, पिवळ्या, तांबड्या रंगात, शिसं असण्याची शक्यता मोठी. तो रंग कोरडा घासला तर धूळ घरभर होते, आणि लहान मुलांना त्याचा सगळ्यात जास्त त्रास. म्हणून रंग घट्ट धरून असेल तर काढूच नका. वॉटरपेपर पाण्यात भिजवून, हलक्या हातानं, फक्त चकाकी जाईपर्यंत फिरवा. तोंडाला धुळीचा चांगला मास्क लावा. निघालेला चिखल फडक्यानं पुसून पिशवीत बांधून टाका, अंगणात धुऊ नका. मुलांना त्या दिवशी शेजारी पाठवा.

गणपतीचा हट्ट सोडा, ताई. पावसात हवेत ओल असते. लाखेच्या आणि एनसीच्या पॉलिशवर पांढुरकी साय धरते, इनॅमल रंग वाळता वाळत नाही. लाकूड फुगलेलं असतं ते वेगळंच. आता तपासणी करा, ढिले सांधे फेव्हिकॉल घालून आवळून ठेवा, मुठी काढून चिंचेनं घासा. पॉलिश सोलणं, स्टेन, रंग हे सगळं दसऱ्यानंतर. दिवाळीनंतरची आपल्याकडची कोरडी हवा या कामाला फार चांगली.

तेव्हा करायचं काम असं. सोललेली फळी 120 नंबरच्या पेपरनं, मग 180, मग 220, रेषेच्या दिशेनंच घासायची. आडवा हात फिरला तर ते ओरखडे स्टेनखाली ठळक दिसतात. वर व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवलेलं असेल तर 120 सुद्धा जपून, नाहीतर खालचं प्लाय उघडं पडेल. खिळ्यांभोवती काळे डाग असतील तर ते लोखंड आणि लाकडाची प्रक्रिया होऊन आलेले असतात. ऑक्झॅलिक ॲसिडचं कोमट पाण्यातलं द्रावण लावून ते फिके होतात. मात्र ते विषारी आहे, मोजे घाला आणि नंतर फळी स्वच्छ पाण्यानं दोनदा पुसून पूर्ण वाळू द्या. सागवानात स्वतःचं तेल असतं, त्यामुळं स्टेन किंवा पॉलिश देण्याआधी थिनरच्या फडक्यानं पुसून घ्या. स्टेन आधी फळीच्या खालच्या अंगाला लावून बघा. फडक्यानं लावायचा, थोडं थांबायचं, उरलेला रेषेच्या दिशेनं पुसून काढायचा.

वरच्या थराबद्दल माझं मत ठाम आहे. लाखेच्या पॉलिशवर माझा जीव आहे, लाख मी नेहमी काचेच्या बरणीतच भिजवतो, कारण लोखंडी डब्यात ती काळी पडते. पण आरशाच्या टेबलाच्या फळीला मी लाख सुचवणार नाही. तिथं सेंटची बाटली सांडते. सेंटमध्ये अल्कोहोल असतं, आणि लाख अल्कोहोलमध्येच विरघळते. तिथं पारदर्शक पीयूचे तीन पातळ हात द्या, प्रत्येक हातानंतर रात्रभर वाळवून 320 नंबरच्या पेपरनं हलकं घासा. नेलपॉलिश रिमूव्हर त्यावरही सांडू देऊ नका.

बाजूंना वुड प्रायमर, खड्डे असतील तिथं लांबी (पुट्टी), मग इनॅमलचे दोन हात. पांढरट ऑइल इनॅमल अंधाऱ्या कोपऱ्यात पिवळं पडतं. टेबल खिडकीपासून लांब राहणार असेल तर पाण्याचं इनॅमल घ्या.

प्रश्न : आजीची शिसवी पेटी मुलीच्या खोलीसाठी पांढरी रंगवायची आहे. प्रायमर कुठला वापरावा? – एक वाचक, खानापूर

उत्तर : दादा, ती पेटी रंगवू नका. शिसवाची अशी जाड फळी आता विकत घ्यायला गेलात तर किंमत ऐकून परत याल, आणि तो काळसर जांभळा रंग कुठल्या डब्यात मिळत नाही. शिवाय शिसवाचा रंग वरच्या पेंटमध्ये उतरतो, महिन्याभरात पांढऱ्यावर तपकिरी छटा येईल. आधी लाखेचे दोन हात दिले तर ते बरंचसं अडतं. एवढं मी सांगितलं ते तुम्ही विचारलंत म्हणून. माझं ऐकाल तर पेटी ओल्या फडक्यानं पुसा, पूर्ण सुकवा, आणि थोडं मेणाचं पॉलिश लावून मऊ फडक्यानं चोळा. मुलीला आजीची पेटी आजीच्या रंगातच द्या की ओ.

प्रश्न : पावसाळ्यात टेबलाचे खण अडकतात. सुतार रंधा मारून देतो म्हणतो. – एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : आत्ता रंधा नको. लाकूड ओलीनं फुगलंय. मार्च-एप्रिलमध्ये ते आवळेल आणि तेव्हा खण खुळखुळेल. खण काढा, बाजू आणि खालच्या पट्ट्या कोरड्या फडक्यानं पुसा आणि जिथं घासून चकाकी आली आहे तिथं मेणबत्ती जोरात चोळा. खणाच्या बाजूंना कुणी रंग दिला असेल तर तो काढून टाका, तिथं रंगाचा थर कधीच देऊ नये. उन्हाळ्यातसुद्धा खण अडकला तरच सुताराला बोलवा.