घटावरून कुंभार कळतो, पण कुठला?

प्रश्न : ताई, मी एमएस्सी करतोय, रूममेट ख्रिस्ती आहे आणि अगदी जवळचा मित्र आहे. तो मला व्हिडिओ पाठवत असतो, त्यात विश्वाला सुरुवात आहे, ज्याला सुरुवात आहे त्याला कारण असतंच, म्हणून देव आहे, असं छान मांडलेलं असतं. बरं, समजा पटलं. पण त्यावरून ख्रिस्ती धर्मच खरा हे कसं ठरतं? हे विचारलं की तो पास्कल या फ्रेंच विचारवंताच्या पैजेवर येतो, म्हणतो देव मानला आणि तो असला तर सगळंच मिळालं, नसला तरी मानून बघायला तुझं काय जातंय. माझं काही चुकतंय का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : काहीच चुकत नाहीये रे. मी नगरच्या ख्रिस्ती घरात वाढले, नंतर बरीच वर्षं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं, आणि हाच प्रश्न मला स्वतःला विशीत पडला होता, त्यामुळे मनापासून लिहिते.

व्हिडिओतला युक्तिवाद आज गाजतोय तो विल्यम लेन क्रेग या अमेरिकन तत्त्वज्ञामुळे, १९७९ मध्ये त्यांचं त्यावर पुस्तक आलं. पण तो जोमाने मांडला होता अल-गझालींनी, जे ११११ साली वारले, आणि ते मुसलमान होते. मग जो युक्तिवाद मशिदीतही तितकाच चालतो तो एकट्याच्या बळावर चर्चपर्यंत कसा नेईल? आणि आपल्याकडच्या नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांचं घे, घट दिसला की कुंभार मानावा लागतो तसं पृथ्वी, अंकुर ही कार्यं आहेत म्हणजे त्यांना कर्ता असणारच, हे उदयनाचार्यांनी हजारेक वर्षांपूर्वी मांडलंय आणि ते काही ख्रिस्ती नव्हते!

पण इथेच जरा थांब, कारण खरी गंमत मातीत आहे. कुंभार घट करतो पण माती त्याने केलेली नसते, आणि न्यायमतात परमाणू नित्यच आहेत, ईश्वर फक्त त्यांची जुळणी करतो. ख्रिस्ती मत म्हणतं की नाही, मातीसुद्धा त्याचीच, आधी काहीच नव्हतं. या जागी नेमकं बोट ठेवलं नीलकंठशास्त्री गोरे यांनी. चित्पावन घरातले, काशीचे शास्त्री, जॉन म्यूर या स्कॉटिश माणसाने 'मतपरीक्षा' नावाचा ग्रंथ संस्कृतात लिहून ख्रिस्ती मताची बाजू मांडली तेव्हा त्याचं संस्कृतातच खंडन करणारे, आणि त्याच गोऱ्यांनी पुढे १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला, नेहेम्या गोरे झाले आणि १८६० मध्ये 'षड्दर्शनदर्पण' लिहून हिंदू तत्त्वज्ञानाची सहाही दर्शनं एकेक करून तपासली. त्यांचे सगळे निष्कर्ष मला पटतात असं नाही, शांकर वेदांतावर ते फार कडक आहेत असं माझं मत आहे, पण दोन्ही बाजूंनी इतक्या तयारीने वाद केलेला मराठी माणूस मला दुसरा माहीत नाही.

तरीसुद्धा, माती त्याचीच हे मानलं तरी आपण निर्मात्यापर्यंतच पोचतो, येशूपर्यंत नाही. तिथली उडी तत्त्वज्ञानाची नाहीच, ती इतिहासाची आहे, आणि हे पौलाने, म्हणजे पहिल्या पिढीतल्या ख्रिस्ती प्रचारकाने, स्वतः सांगून टाकलंय. बायबलमधल्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात तो सरळ लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचं सांगणं फुकट आणि तुमचा विश्वासही फुकट. म्हणजे सगळा धर्म त्याने एका घटनेवर टांगलाय, आणि ती घडली नसेल तर सोडून द्या असंच म्हटल्यासारखं आहे. मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो. पत्र साधारण इ.स. ५५ च्या आसपासचं, म्हणजे क्रुसानंतर वीस-पंचवीस वर्षांचं, आणि त्यात तो यादी देतो, उठलेला ख्रिस्त केफाला म्हणजे पेत्राला दिसला, बारा जणांना दिसला, मग पाचशेहून जास्त लोकांना एकाच वेळी, आणि पुढे लिहितो की त्यातले बरेचसे अजून जिवंत आहेत.

आता डेव्हिड ह्यूम हा स्कॉटिश तत्त्वज्ञ १७४८ मध्ये म्हणाला की चमत्काराची साक्ष तेव्हाच मानायची जेव्हा ती खोटी असणं त्या चमत्काराहूनही अशक्य वाटेल. आक्षेप जबरदस्त आहे, तो टाळू नकोस. शिष्यांना दुःखात भास झाले असतील, असं लोक म्हणतात आणि पौलाच्या यादीत रिकाम्या कबरीचा उल्लेखही नाही. पण मेलेला माणूस उठणं किती अशक्य, हे देव आहे की नाही यावर अवलंबून आहे ना? देव नसेलच तर शक्यता शून्य, असेल तर शून्य राहत नाही. रूममेटच्या व्हिडिओतल्या युक्तिवादाचं खरं काम इथे आहे, तो दार उघडतो, आत काय आहे ते साक्षीदारांना विचारायचं. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ रिचर्ड स्विनबर्न यांनी २००३ मध्ये याचं गणित मांडून पुनरुत्थानाची शक्यता ९७ टक्के काढली. मी श्रद्धा ठेवणारी आहे तरी तो आकडा मला पटत नाही, सुरुवातीचे आकडेच अंदाजाचे असतील तर उत्तरही अंदाजच.

पैजेचं म्हणशील तर ती अशी पुढे केली की मला वाईट वाटतं. पास्कलने ती अडलेल्या माणसासाठी लिहिली होती, ज्याची बुद्धी दोन्हीकडे सारखीच ओढली जातेय. मित्राचं तोंड बंद करायला नाही. त्याचा स्वतःचा विश्वास पैजेवर उभा नव्हता. २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री, साडेदहा ते साडेबाराच्या सुमाराला त्याला जे अनुभवाला आलं ते त्याने टिपून ठेवलं, वर एकच शब्द, अग्नी, आणि खाली अब्राहामाचा, इसहाकाचा, याकोबाचा देव, तत्त्वज्ञांचा आणि विद्वानांचा नव्हे. तो कागद त्याने कोटाच्या अस्तरात शिवून घेतला, कोट बदलला की उसवून पुन्हा शिवायचा, आणि १६६२ मध्ये तो गेल्यावर नोकराच्या हाताला तो लागला.

तर तू असं कर, करिंथकरांच्या त्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय काढ, ५८ वचनं आहेत, अर्ध्या तासात होतात. रूममेटबरोबर बसून वाच आणि त्याला विचार की त्या पाचशे जणांचं काय म्हणणं आहे तुझं. व्हिडिओ न लावता तो काय म्हणतो ते ऐक आणि मला कळव.