मांडीवर बाळ घेतलेली प्राचीन इजिप्तची ब्राँझची मूर्ती कोणत्या देवीची असते?

बहुधा इसिसची. मांडीवरचं बाळ म्हणजे तिचा मुलगा होरस. डोक्याच्या एका बाजूची बट ही तिथे बालपणाची खूण. गायीची शिंगं आणि मधलं सूर्यबिंब हाथोर देवीलाही असतं, म्हणून नुसत्या मुकुटावर जाऊ नका, बैठकीवर लेख आहे का ते बघा. ‘इसिस अमक्याला आयुष्य देवो’ अशी ओळ तिथे पुष्कळदा कोरलेली असते. मला तर मूर्तीपेक्षा ती ओळच जास्त हलवते.

अशा बहुतेक मूर्ती इ.स.पू. ६६४ नंतरच्या, मेणाचा नमुना करून ओतलेल्या. भाविक त्या देवळात वाहत. फार साठल्या की पुजारी त्या देवळाच्याच आवारात पुरून ठेवत. सक्कारा इथे असे साठे सापडले आहेत.